परक्या देशातील नाताळचा खाऊ
संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांचे जीवन

डिसेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून तळणाचा घमघमाट येऊ लागतो. कुठे नेवऱ्यांचे सारण परतले जात असते, कुठे आजीभोवती बसलेली नातवंडे कुलकुल वळत असतात. आगमनकाळाची प्रार्थना आणि स्वयंपाकघरातील लगबग अशा दोन्ही वाटांनी नाताळ आपल्या घरी येतो.

याच दिवसांत दूरदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांचे फोन येतात. कुणी कुवेतला, कुणी दुबईला, कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात. नाताळच्या दिवशी तिथे सर्वांनाच सुट्टी मिळते असे नाही. म्हणून सणाच्या आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी चार ओळखीची कुटुंबे, एकटे राहणारे दोन-तीन तरुण, एखादा परभाषिक सहकारी असे सारे एका लहानशा घरात जमतात. बाजारात जे मिळेल त्यातून गावाकडचे जेवण रांधले जाते. खुर्च्या पुरत नाहीत म्हणून काही जण जमिनीवर बसतात. या पंगतीचे वैशिष्ट्य असे की, तिथे पाहुणे जसे परके असतात तसा यजमानही परकाच असतो. ज्याचे स्वतःचे बस्तान अजून नीट बसलेले नाही, तोच दुसऱ्याला आपल्या घरी जेवायला बोलावतो.

अशा पंगतीला फार खोल अर्थ आहे, असे आम्हांस वाटते. तो अर्थ आपल्या संपूर्ण आयुष्यातून प्रकट करणारी एक थोर स्त्री ख्रिस्तसभेला लाभली. स्थलांतरितांची आश्रयदाती म्हणून आज जगभर तिचा धावा केला जातो. नाताळच्या अवघ्या तीन दिवस आधी, परदेशात, मुलांसाठी नाताळच्या खाऊची तयारी करून ती देवाघरी गेली. मदर कॅब्रिनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संतेचे जीवन या आगमनकाळात आपण समजून घेऊ या.

कागदाच्या होड्या आणि सोडलेला खाऊ

इटलीच्या उत्तरेस लोंबार्डी नावाचा सुपीक प्रांत आहे. तेथील लोदी शहराजवळच्या सांत-आंजेलो या गावी १५ जुलै १८५० रोजी एका शेतकरी कुटुंबात मारिया फ्रान्चेस्का कॅब्रिनी हिचा जन्म झाला. वडिलांचे नाव आगोस्तिनो व आईचे नाव स्तेल्ला. बाळ दिवस भरण्याआधीच जन्मले होते. ते जगते की नाही, अशी सर्वांना धास्ती होती, म्हणून त्याच दिवशी त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. या घरात अनेक मुले जन्मली, परंतु मोठी होईपर्यंत जगली ती चारच. जन्मापासूनची नाजूक प्रकृती फ्रान्चेस्काला आयुष्यभर सोबत करणार होती.

संध्याकाळी घरातील सारे एकत्र बसले की वडील मिशनरी धर्मगुरूंच्या कार्याचे वृत्तांत वाचून दाखवत. चीन, जपान, हिंदुस्थान ही नावे त्या चिमुकलीच्या मनात घर करून राहिली. जवळच्या लिव्रागा गावी तिचे मामा धर्मगुरू होते. त्यांच्या घरापाशी पाण्याचा एक कालवा होता. तिथे बसून ती कागदाच्या होड्या करी, त्यांत रानफुले भरी आणि पाण्यात सोडून देई. ती फुले म्हणजे तिचे मिशनरी होते व होड्या पूर्वेकडे निघालेल्या असत. एकदा तोल जाऊन ती त्या पाण्यात पडली. तेव्हापासून पाण्याची भीती तिच्या मनात कायमची बसली.

याच वयातील आणखी एक प्रसंग तिचे चरित्रकार आवर्जून सांगतात. आपण चीनला मिशनरी म्हणून जाणार असे ती सर्वांना सांगत असे. तेव्हा कुणीतरी तिला म्हटले की, चीनमध्ये काही असा खाऊ मिळत नाही. मोठ्या माणसांनी लहान मुलांची थट्टा करावी तशी ती थट्टा होती. पण फ्रान्चेस्काने ती मनावर घेतली. जे तिथे मिळणार नाही त्याची सवय इथेच मोडलेली बरी, असे ठरवून तिने गोड खाणे सोडून दिले.

हा त्याग वरवर बालिश वाटेल. पण ज्या मुलखात ती वाढत होती तो लक्षात घेतला म्हणजे त्याची किंमत कळते. लोंबार्डीतील नाताळ म्हणजे मनुके आणि मुरवलेली फळे घातलेला पानेत्तोने नावाचा उंच केक, मध आणि बदामांची तोर्रोने नावाची वडी. इतकेच नव्हे, तर लोदीच्या परिसरात मुलांना भेटवस्तू आणि खाऊ मिळतो तो १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला. मुले आदल्या रात्री उत्सुकतेने झोपी जातात आणि सकाळी उठून आपल्या वाट्याला काय आले ते पाहतात. अशा गावातील लहान मुलीने खाऊला नाही म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे. हा सोडलेला खाऊ वाचकांनी ध्यानात ठेवावा. साठ वर्षांनंतर, समुद्रापलीकडच्या एका शहरात, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

नकारांची मालिका

फ्रान्चेस्काने पवित्र हृदयाच्या भगिनींकडे शिक्षण घेतले आणि १८६८ साली शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण केली. १८७० साली एकाच वर्षात आई आणि वडील दोघेही निवर्तले. १८७२ साली देवीच्या साथीत रुग्णांची सेवा करताना तिलाच देवी आल्या. त्यातून ती बरी झाली खरी, पण जेव्हा तिने व्रतस्थ जीवनासाठी संघात प्रवेश मागितला तेव्हा तिच्या प्रकृतीकडे बोट दाखवून तिला नकार देण्यात आला. ज्यांनी तिला शिकवले व जे तिला चांगले ओळखत होते, त्यांनीच नाही म्हणावे, याचे दुःख मोठे होते.

१८७४ साली तिला कोदोन्यो येथील एका अनाथाश्रमात पाठवण्यात आले. थोड्या दिवसांचे म्हणून सोपवलेले हे काम सहा वर्षे चालले. आश्रमाचा कारभार विस्कटलेला होता आणि तिथल्या व्यवस्थापिकेकडून तिला पुष्कळ मनस्ताप सोसावा लागला. तरी तिने मुलींना जवळ केले, त्यांना शिकवले आणि त्यांतूनच काही सोबतिणी तयार केल्या. १८७७ साली तिने व्रते घेतली. अखेर १८८० साली बिशपांनी तो आश्रम बंद केला आणि तिला सांगितले की, मिशनरी होण्याची तुझी इच्छा आहे. मिशनरी भगिनींचा संघ आम्हांस ठाऊक नाही, तेव्हा तूच एक स्थापन कर. त्याप्रमाणे १४ नोव्हेंबर १८८० रोजी कोदोन्यो येथील एका जुन्या मठात, सात सोबतिणींसह, येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ सुरू झाला.

त्यांनी आपल्या नावापुढे झेवियर हे नाव जोडले होते. ते का, हे आपणा वाचकांना सांगण्याची गरज नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू मंदिरात ज्यांचा पवित्र देह ठेवलेला आहे, ज्यांचे पाय आपल्या वसईच्या भूमीलाही लागले, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना त्यांनी आपला आदर्श मानले होते. झेवियर ज्या चीनच्या किनाऱ्याकडे पाहत १५५२ साली मरण पावले, तिथेच जाण्याचा फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांचा निर्धार होता.

पूर्वेऐवजी पश्चिम

परंतु त्या काळी इटलीतून माणसांचा एक लोंढा दुसऱ्याच दिशेने वाहत होता. दारिद्र्य, करांचा बोजा आणि नापिकी यांना कंटाळून लक्षावधी इटालियन शेतकरी अमेरिकेची वाट धरत होते. जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने बसून ते समुद्र ओलांडत आणि उतरल्यावर न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत येऊन पडत. रस्ते खोदणे, गटारे बांधणे, खाणींत उतरणे अशी कामे त्यांच्या वाट्याला येत. त्यांना इंग्रजी येत नसे. मजुरी देणारे आणि घेऊन देणारे दलाल दोघेही त्यांना लुबाडत. अपघातात बाप दगावला की मुले रस्त्यावर येत.

याहूनही मनाला लागणारी एक गोष्ट होती, आणि ती आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. हे लोक कॅथलिक होते. न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक मंदिरे पुष्कळ होती. पण त्यांपैकी अनेक मंदिरांतून या गरीब, अशिक्षित, परभाषिक बांधवांना वरच्या सभागृहात बसू न देता तळघरात वेगळी मिस्सा दिली जात असे. आधी आलेल्या स्थलांतरितांनी नंतर आलेल्यांसाठी तळघर राखून ठेवले होते.

पियाचेन्झाचे बिशप स्कालाब्रिनी यांना या लोकांची चिंता लागून राहिली होती. पोप लिओ तेरावे यांनीही डिसेंबर १८८८ मध्ये अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहून इटालियन स्थलांतरितांच्या दुरवस्थेकडे त्यांचे लक्ष वेधले. मदर कॅब्रिनी यांनी न्यूयॉर्कला जावे, असा बिशप स्कालाब्रिनी यांचा आग्रह होता. त्यांचे मन मात्र चीनकडे ओढत होते. शेवटी त्यांनी हा प्रश्न पोप महाशयांच्या पायांशी ठेवला. पोप लिओ यांनी त्यांना पूर्वेकडे नव्हे तर पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. बालपणापासून जपलेले स्वप्न त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवले आणि पाण्याची भीती मनात असूनही त्या समुद्रप्रवासाच्या तयारीला लागल्या.

जागा नसलेली पहिली रात्र

२३ मार्च १८८९ रोजी सहा भगिनींना सोबत घेऊन मदर कॅब्रिनी फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून निघाल्या. ३१ मार्च रोजी, रविवारी, त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. आपल्यासाठी एक घर आणि अनाथाश्रमाची इमारत तयार असेल, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात काहीच तयार नव्हते. इटालियन धर्मगुरूंनी त्यांना जेवू घातले आणि रात्रीपुरती एका गलिच्छ वस्तीतील भाड्याच्या खोल्यांत त्यांची सोय करण्यात आली. त्या खोल्या इतक्या घाणेरड्या होत्या, बिछान्यांत इतके ढेकूण होते की, अंग टाकण्याची कुणाची छाती झाली नाही. सात भगिनींनी परदेशातील आपली पहिली रात्र खुर्च्यांवर बसून, प्रार्थना करीत काढली.

दुसऱ्या दिवशी आर्चबिशप कॉरिगन यांची भेट झाली. अनाथाश्रमाच्या जागेवरून त्यांचा आणि आश्रमासाठी पैसा देणाऱ्या उमराव बाईंचा मतभेद झाला होता. अशा परिस्थितीत भगिनींनी इटलीला परत जावे हेच बरे, असे त्यांनी सुचवले. मदर कॅब्रिनी यांनी नम्रपणे, पण ठामपणे उत्तर दिले की, आपल्याला पोप महाशयांनी पाठवले आहे, तेव्हा आपण इथेच राहणार. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, भाषा येत नसलेल्या शहरात, खिशात पैसा नसताना त्यांनी हे म्हटले. आर्चबिशपांचे मोठेपण असे की, त्यांनी तो आग्रह मान्य केला. पुढे ते या कार्याचे हितचिंतक झाले. तोवर दुसऱ्या एका संघाच्या भगिनींनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला.

बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती, हे आपण दर नाताळला ऐकतो. ज्याला स्वतःला तसा अनुभव आलेला असतो, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक तर तो कडवट होतो आणि आपली वेळ आली की दुसऱ्याला दारातून परतवतो. नाहीतर तो मनाशी ठरवतो की, माझ्या दारातून कुणी असे परत जाता कामा नये. मदर कॅब्रिनी यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या पुढच्या अठ्ठावीस वर्षांचे सार एवढ्यात सांगता येईल.

पाहुणी यजमान झाली

त्याच वसंत ऋतूत, १८८९ सालीच, न्यूयॉर्कमधील पहिला अनाथाश्रम सुरू झाला. आश्रम सुरू झाला, पण मुलांच्या ताटात काय वाढायचे हा प्रश्न रोजचा होता. भगिनी हातात पिशव्या घेऊन इटालियन वस्तीत दारोदार फिरू लागल्या. दुकानदारांकडे जात, फेरीवाल्यांकडे जात, मिळेल ते घेत. देणारे स्वतःच गरीब होते. त्यांतले बहुतेक दक्षिण इटलीचे. त्यांची बोली, चालीरीती लोंबार्डीच्या या भगिनींहून निराळ्या. त्यांच्याकडे नाताळला पिठाच्या छोट्या गोळ्या तळून मधात घोळवतात. त्या पाहिल्या तर आपल्याला आपल्या कुलकुलांचीच आठवण यावी. एकाच देशातून आलेली ही माणसे एकमेकांना अनोळखी होती. परदेशात, अनाथ मुलांच्या पानात चार घास पडावेत म्हणून, ती एकमेकांची झाली.

१८९० साली हडसन नदीकाठी वेस्ट पार्क येथील येशूसंघीयांची मालमत्ता मदर कॅब्रिनी यांनी अल्प किमतीत घेतली. ती स्वस्त मिळाली, कारण तिथे पाण्याचे दुर्भिक्ष होते. त्यांनी एक जागा दाखवून तिथे खणायला सांगितले आणि पाणी लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शहराच्या कोंदट गल्ल्यांतली मुले तिथल्या मोकळ्या हवेत राहायला गेली.

रुग्णसेवेच्या कामास त्या प्रथम तयार नव्हत्या. आपले काम मुलांना शिकवण्याचे, असे त्यांना वाटे. मग एके रात्री त्यांना स्वप्न पडले. रुग्णांच्या खाटांमधून एक स्त्री बाह्या सरसावून सेवा करीत हिंडत होती. जवळ गेल्यावर ती पवित्र मरिया आहे हे त्यांनी ओळखले. तू जे करायचे नाकारतेस ते मी करते आहे, अशा आशयाचे बोल त्यांच्या कानी पडले. जागे झाल्यावर त्यांनी अधिक विचार केला नाही. १८९२ साली, कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे पूर्ण होत असताना, न्यूयॉर्कमध्ये कोलंबस रुग्णालय उभे राहिले. आपली भाषा समजणारे कुणीतरी उशाशी आहे, एवढ्यानेच कित्येक इटालियन मजुरांचे अर्धे दुखणे हलके होत असे.

न्यू ऑर्लिन्स शहरात १४ मार्च १८९१ रोजी एका संतप्त जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारले होते. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा त्यांच्यावर आरोप होता. पण न्यायालयात कुणावरही तो सिद्ध झालेला नव्हता. सारा इटालियन समाज भयाने गोठून गेला होता. पुढच्याच वर्षी मदर कॅब्रिनी यांनी आपल्या भगिनी त्या शहरात पाठवल्या. त्यांनी तिथे शाळा आणि अनाथाश्रम काढला. ज्या वस्तीकडे इतरांनी पाठ फिरवली होती, त्याच वस्तीत त्यांनी घर केले. अन्यत्र भगिनी तुरुंगांतील बंद्यांना भेटत, त्यांची पत्रे लिहून देत. कोलोराडोच्या डोंगरांत त्या खाणींच्या पोटात उतरून मजुरांची विचारपूस करीत.

समुद्र, डोंगर आणि दोऱ्याचे माप

पाण्याला घाबरणाऱ्या या स्त्रीने अटलांटिक महासागर वीसहून अधिक वेळा ओलांडला. निकाराग्वा, अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड अशा देशांत त्यांनी कार्य सुरू केले. १८९५ साली चिलीहून अर्जेंटिनाला जाताना त्यांनी खेचरावर बसून अँडीज पर्वत पार केला. निकाराग्वातून त्यांच्या भगिनींना सत्तापालटानंतर हाकलून देण्यात आले. तेही त्यांनी सोसले. काही कार्ये बंद पडली, पण त्या थांबल्या नाहीत.

त्या भाबड्या होत्या असे मात्र कुणी समजू नये. शिकागो येथे रुग्णालयासाठी लिंकन पार्कसमोरचे एक जुने हॉटेल विकत घ्यायचे ठरले. विकणाऱ्यांनी जमिनीचा एक तुकडा परस्पर वगळला असावा, असा त्यांना संशय आला. त्यांनी पहाटे आपल्या भगिनींना दोरा घेऊन पाठवले आणि सारी जागा मोजून घेतली. संशय खरा ठरला आणि विकणाऱ्यांना ठरलेली संपूर्ण जागा द्यावी लागली. १९०५ साली तिथे शिकागोचे कोलंबस रुग्णालय सुरू झाले. गरिबांसाठी मागितलेल्या पैशातील पै न् पै गरिबांपर्यंत पोहोचलीच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. आदरातिथ्याला मोठे मन लागते, तसा चोख हिशोबही लागतो, हे आपल्या धर्मग्रामांच्या समित्यांनीही शिकण्यासारखे आहे.

१९०९ साली सिॲटल शहरात त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. ज्या देशाने पहिल्या रात्री त्यांना धड खाट दिली नव्हती, तो देश त्यांनी आपला मानला. पुढच्या वर्षी संघाने त्यांना आजन्म प्रमुख म्हणून निवडले. एव्हाना त्या साठीच्या झाल्या होत्या आणि मलेरियाने त्यांचे शरीर पोखरले होते.

शेवटचा आगमनकाळ

१९१७ सालचा डिसेंबर महिना. पहिले महायुद्ध युरोपात पेटलेले होते आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकाही त्यात उतरली होती. वस्तू महागल्या होत्या. इटालियन कुटुंबांतले कित्येक तरुण सैन्यात होते. मदर कॅब्रिनी शिकागोच्या रुग्णालयात होत्या. प्रकृती खालावली होती, तरी कामाची देखरेख चालूच होती.

शिकागोत त्यांच्या भगिनी १८९९ पासून इटालियन मुलांसाठी एक शाळा चालवीत होत्या. नाताळला तिथल्या मुलांना गोड खाऊ देण्याचा परिपाठ होता. या वर्षी मात्र युद्धामुळे खर्च परवडणार नाही, म्हणून खाऊ देता येणार नाही, असे त्यांच्या कानावर आले. मुले होती सुमारे ५००. मदर कॅब्रिनी यांना हे पटेना. खाऊशिवाय त्या मुलांचा नाताळ कसला, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी खाऊ विकत आणण्यास सांगितले आणि त्याचा खर्च आपण पाहू अशी हमी दिली.

२१ डिसेंबरला, शुक्रवारी, भगिनी खाऊच्या पुड्या बांधायला बसल्या. थकलेल्या मदरही त्यांच्यात बसल्या आणि पुड्या बांधू लागल्या. प्रत्येक मुलाच्या हाती पडेल अशी एक एक पुडी. त्या मुलांपैकी अनेकांनी आपल्या आईबापांचे गाव कधी पाहिले नव्हते. आणि त्या गावातला नाताळ त्यांना ठाऊक असला तर तो ऐकून.

दुसऱ्या दिवशी, शनिवार २२ डिसेंबर १९१७ रोजी, त्यांना एकाएकी अधिक अस्वस्थ वाटू लागले. भगिनी धावत आल्या तेव्हा त्या आपल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या होत्या. तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे वय ६७ होते. शाळा, अनाथाश्रम, रुग्णालये मिळून त्यांनी उभ्या केलेल्या संस्थाही ६७ होत्या. आयुष्याच्या प्रत्येक वर्षास एक घर, असा हा हिशोब भरतो.

एका खुर्चीवर बसून त्यांनी परदेशातील पहिली रात्र काढली होती, कारण त्यांच्यासाठी कुणी जागा केली नव्हती. एका खुर्चीवरच त्यांचा अंत झाला, आणि तोवर त्यांनी हजारो जणांसाठी जागा केली होती. लहानपणी ज्या मुलीने मिशनरी होण्यासाठी खाऊ सोडला, तिने मिशनरी म्हणून केलेले शेवटचे काम म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांसाठी खाऊ बांधणे. त्याग म्हणजे काय, हे आम्हांस या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरात स्पष्ट दिसते. जे आपण स्वतःसाठी सोडतो ते दुसऱ्याच्या मुखी पडावे, यासाठीच ते सोडायचे असते. स्वतः खाऊ न खाणारी व्यक्ती दुसऱ्याच्या खाऊबद्दल सहज कठोर होऊ शकली असती. युद्धकाळ आहे, मुलांनीही थोडी झळ सोसावी, असे म्हणणे अगदी सोपे होते. त्यांनी तसे म्हटले नाही.

१३ नोव्हेंबर १९३८ रोजी पोप पायस अकरावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ७ जुलै १९४६ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. अमेरिकेच्या नागरिकांपैकी संतपदी पोहोचलेल्या त्या पहिल्याच. १९५० साली त्यांना स्थलांतरितांची आश्रयदाती म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्या भगिनी १९२६ साली चीनमध्ये पोहोचल्या. कालव्यात सोडलेल्या होड्यांनी उशिरा का होईना, पण किनारा गाठला. शिकागोचे ते रुग्णालय आता राहिलेले नाही, परंतु ज्या खोलीत त्यांनी देह ठेवला ती तेथील मंदिरात जतन केलेली आहे.

आपल्या पंगतीत एक पान

या जीवनातून आपण काय घ्यावे? परदेशात असलेल्या आपल्या बांधवांना आम्ही सांगू इच्छितो की, नाताळच्या आधी तुमच्या लहानशा घरात मांडलेली ती पंगत क्षुल्लक नाही. घर मोठे झाल्यावर, नोकरी पक्की झाल्यावर, पैसा साठल्यावर लोकांना बोलावू, असे म्हणून थांबू नका. मदर कॅब्रिनी थांबल्या असत्या तर एकही अनाथ मूल त्यांच्या पानावर जेवले नसते. तुमच्या इमारतीत एकटा राहणारा जो कुणी असेल, तो कोणत्याही प्रांताचा, भाषेचा, धर्माचा असो, त्याला आवर्जून बोलवा.

आणि जे आपण इथे आपल्या घरी, आपल्या माणसांत आहोत, त्यांच्यासाठी प्रश्न जरा अवघड आहे. आज आपल्या गावांतही परप्रांतांतून माणसे आली आहेत. ती आपल्या इमारती बांधतात, आपल्या वाडीत काम करतात, आपल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. त्यांतले काही आपल्याच श्रद्धेचे आहेत आणि रविवारी मंदिराच्या शेवटच्या बाकावर बसून, न समजणाऱ्या भाषेतील मिस्सा ऐकून, कुणाशीही न बोलता निघून जातात. आपण त्यांना तळघरात बसवत नाही, हे खरे. पण शेवटच्या बाकावरून पुढे या, असे तरी आपण त्यांना कधी म्हटले आहे का? आपला मुलगा परदेशात एकटा असेल तर तिथे कुणीतरी त्याला नाताळचे जेवायला बोलवावे, असे आपल्याला मनापासून वाटते. मग इथे एकट्या असलेल्या कुणाच्या तरी मुलाला कुणी बोलवायचे?

येत्या नाताळसाठी नेवऱ्या आणि कुलकुल डब्यांत भरताना एक पुडी अधिक बांधू या. ती कुणाला द्यायची ते आपल्या घराच्या आसपास पाहिले की आपोआप कळेल. २२ डिसेंबरला मदर कॅब्रिनी यांचे पुण्यस्मरण करताना ती पुडी आपल्या हातून त्या व्यक्तीच्या हाती गेलेली असावी, अशी आमची सर्व वाचकांना कळकळीची विनंती आहे.